स्वेटर कुणाचा असेल

चष्म्याच्या दुकानावरचा तो जिना इतका उभा होता, की माणूस खालून वर्तमानकाळात निघायचा आणि वर पोचेपर्यंत भूतकाळात जमा व्हायचा. निदान सर तरी नव्या बॅचला तसंच सांगायचे, आणि दर वर्षी सांगताना जिन्याला दोन-चार पायऱ्या जोडायचे. त्या दुपारी ते वर आले, धाप ओसरेपर्यंत खिडकीशी उभे राहिले, फळा पुसला, पिशवीत हात घातला, आणि हात आतच राहिला. वस्तू नव्हती. छत्री होती, खडू होते, कुठल्यातरी जुन्या परीक्षेचे पेपर होते, पण गुरुवारची वस्तू नव्हती. समोर बाकांवर मंडळी सावरून बसलेली, जादूगाराच्या टोपीकडे बघावं तशी पिशवीकडे बघणारी. सरांनी हात आणखी थोडा खाली घातला, जणू पिशवीला तळच नाही आणि चाचपत गेलं तर काहीतरी लागेलच. पिशवीला तळ होता. त्यात एक खडूचा तुकडा आणि बरीचशी धूळ होती.

गुरुवार म्हणजे अंदाजाचा तास. सरांचं म्हणणं असं, की मोठेपणी इंग्रजी शिकायला आलेल्या माणसाला सगळं येऊ शकतं, पण अंदाज बांधता येत नाही, कारण मोठ्या माणसाला सगळं आधीच ठाम माहीत असतं. नवरा उशिरा आला म्हणजे बसला असणार कुठेतरी. शेजारीण बोलली नाही म्हणजे तिला माज चढलाय. आपल्या भाषेतच ज्यांच्या तोंडी ‘असेल बुवा’ येत नाही, त्यांच्या तोंडी ते परक्या भाषेत कुठून यायचं? म्हणून सर दर गुरुवारी घरातून एक वस्तू आणत. दाराची मूठ, अर्धी जळालेली मेणबत्ती, बंद पडलेलं घड्याळ, एकाच पायाचा मोजा. वस्तू टेबलावर ठेवायची आणि म्हणायचं, ही रस्त्यात सापडली, बोला, कुणाची असेल, काय झालं असेल? मग फळ्यावर शिडी काढायची. सगळ्यात वरच्या पायरीवर मस्ट: असणारच. मधल्या पायऱ्यांवर मे, माइट, कुड: असेल, असूही शकेल, नसेलही. आणि शिडीच्या खाली, जमिनीत, कान्ट: शक्यच नाही, डोकं खाऊ नका. वरच्या पायरीवर चढायला पुरावा लागतो, हे सर खडूने पायरीवर टकटक करून सांगत. पुराव्याशिवाय मस्ट म्हणणाऱ्याला ते खाली उतरवत, अगदी हात धरून. एकदा एका मोडक्या छत्रीच्या दांड्यावरून वर्गाने एका माणसाची तीन लग्नं लावली, त्याला पुरात बुडवला, पुन्हा जिवंत करून छत्र्या दुरुस्त करायला बसवला, आणि त्या वर्गातल्या एकाने पुढे खरोखरच छत्र्यांचं दुकान काढलं. हे सरच सांगतात, तेव्हा ते शिडीच्या मधल्या पायरीवर ठेवावं.

तर वस्तू नव्हती. नसण्याचं कारण सरांना ठाऊक होतं, किंवा ठाऊक आहे असं वाटत होतं. सकाळी त्यांनी जुना टॉर्च काढून दाराजवळच्या स्टुलावर ठेवला होता. निघताना तो तिथे नव्हता. बायकोला विचारलं, तर ती स्वयंपाकघरातून म्हणाली, “तुम्हीच ठेवला असणार कुठेतरी.” उशीर होत होता, हवेत गारवा होता, नेहमीचा तपकिरी स्वेटर दोरीवर ओला लोंबत होता, म्हणून दारामागच्या खुंटीवरचा जुना राखाडी त्यांनी अंगात चढवला, मनगटावर गोळा झालेल्या बाह्या खाली ओढल्या आणि निघाले. आता वर्ग वाट बघत होता. सरांच्या अंगात त्या दिवशी कसलाच उत्साह नव्हता, नुसती सवय होती, आणि सवयीनेच त्यांना वाचवलं. त्यांनी स्वेटर डोक्यावरून काढला, टेबलावर पसरला आणि म्हणाले, “समजा, हा बागेत बाकावर सापडला. मी कोण, हे विसरा. बोला.”

पुढच्या बाकावर नर्सबाई होती. तिला परदेशात नोकरी मिळत होती, फक्त इंग्रजी आडवं येत होतं. तिच्या शेजारी एक सासूबाई, ज्यांना सगळे सासूबाईच म्हणत, कारण त्या परदेशी सुनेशी तिच्याच भाषेत भांडता यावं एवढ्यासाठी शिकायला येत आणि तसं उघड सांगत. मागे लिफ्टवाला, म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा, ज्याच्या बोटांचं ग्रीस कुठल्याही साबणाला जुमानत नव्हतं. नर्सबाईने स्वेटर हातात घेतला, पेशंटला वळवावं तसा वळवला, खांद्यावरून एक लांब पांढरा केस उचलला, हुंगला, आणि म्हणाली, द ओनर मे बी अ वुमन. सर म्हणाले, शाब्बास, मे अगदी बरोबर, एका केसावर मस्टपर्यंत जायचं नाही. सासूबाईंनी बाही ओढून घेतली. लोकरीवर दोन ठिकाणी आडव्या घड्या पडल्या होत्या, खूप दिवस दुमडून ठेवल्यासारख्या. शी मस्ट बी शॉर्ट, त्या म्हणाल्या, आमच्या विहीणबाईंसारखी. सरांनी मान हलवली. घडी कशानेही पडते, मस्ट नको, माइट म्हणा. सासूबाई कुरकुरत एक पायरी उतरल्या. वाक्यं सुटसुटीत येत होती, क्रियापदं जागेवर होती, आणि सर प्रत्येक वाक्याचं फक्त क्रियापद ऐकत होते, जसा वजनकाट्यावरचा माणूस पोत्यात काय आहे ते बघत नाही. वर्षानुवर्षं शिकवून कान तसे झाले होते.

मग नर्सबाईने कॉलर उलटली. आतल्या बाजूला पांढऱ्या कापडाची एक पट्टी शिवली होती, बोटाएवढी. पट्टीवर लाल दोऱ्याने एक फोन नंबर भरला होता आणि नंबरावर एकच शब्द: कळवा. टाके बारीक होते, पण शेवटी शेवटी थकून वर चढत गेलेले. धोब्याची खूण असेल, असं कुणीतरी म्हणालं. लिफ्टवाला मान पुढे काढून आकडे वाचत होता. “सर, हा तर तुमचाच नंबर,” तो म्हणाला. “खाली पाटीवर आहे तोच.”

बाकीच्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी स्वेटरकडे पाहिलं. ती पट्टी त्यांनी आयुष्यात कधी पाहिली नव्हती. नर्सबाई तिच्या कामाच्या तंद्रीत, इंग्रजी सोडून सरळ बोलत सुटली, की ती आधी म्हाताऱ्या माणसांच्या एका निवासात होती, तिथे अशा पट्ट्या शिवायचे, ज्यांना घरचा रस्ता आठवत नाही त्यांच्या कपड्यांना. नाव नाही घालायचे, कुणी फसवू नये म्हणून, फक्त नंबर. आणि मग आपण काय बोललो ते तिचं तिला कळलं आणि तिने पट्टी कॉलरखाली दाबली, जखमेवर बोळा दाबावा तशी. लिफ्टवाल्याने सांभाळून घेतलं. म्हणाला, सर हरवले तर मजाच आहे, आपण नंबर लावायचा आणि सरच उचलून म्हणणार, हॅलो, मी हरवलोय. वर्ग हसला, नर्सबाई जरा जास्तच हसली, सरही हसले. आणि हसता हसता त्यांनी कॉलर उलटून पट्टीवरचे आकडे पुन्हा एकदा वाचले.

त्यांनी फळ्यावर पाच वाक्यं लिहून दिली, गाळलेल्या जागा भरा म्हणाले आणि खिडकीशी जाऊन बसले. स्वेटर मांडीवर. खाली रस्त्यावर एक माणूस शिडीवर चढून दिव्याच्या खांबाला रंग देत होता, अर्धा खांब हिरवा, अर्धा गंजलेला, आणि तो माणूस दर थोड्या वेळाने थांबून नुसता लोंबकळत होता, कंटाळल्यासारखा. सरांनी पुरावे मोजायला घेतले. पुराव्यांना तोटा नव्हता. किल्ल्या तांदळाच्या डब्यात सापडल्या होत्या. चष्मा फ्रिजमध्ये, लोण्याशेजारी, गारेगार. दूध उतू जाऊन भांडं काळंठिक्कर पडलं, मग नवं आणलेलं भांडंही तसंच पडलं. एकदा दुपारभर घराचं दार सताड उघडं होतं. प्रत्येक वेळी बायको म्हणाली होती, तुम्हीच. आधी ती म्हणायची, तुम्हीच ठेवला असेल. मग कधीतरी, त्यांना पत्ता न लागता, ती शिडीच्या वरच्या पायरीवर गेली, आणि असेलचं असणार झालं. त्यांनी वाद घातला नाही. आपण किल्ल्या तांदळात ठेवल्याचं त्यांना आठवत नव्हतं, पण न आठवणं हाच तर आजार, मग न आठवणं हाच पुरावा. हे असं गोल फिरणारं कोडं होतं, जिन्यासारखं, फक्त वर काही नव्हतं. आणि महिन्याभरापूर्वी ते आपल्याच गल्लीचं वळण चुकून पुढे गेले होते, खांद्यावर पिशवी, डोक्यात कर्मणी प्रयोग, आणि पेट्रोल पंपापाशी भानावर आले होते. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. तिला मात्र कळलं असणार. तिने काही न बोलता सुई-दोरा घेतला असणार, ते झोपले असताना, खिडकीतल्या उजेडात, डोळे बारीक करून. आणि कळवा. कुणाला कळवा, तर त्यांनाच. ह्यात काहीतरी वाकडं आहे असं एक क्षण वाटून गेलं, पण मन दमलं होतं, आणि दमलेलं मन हातात आलेल्या पहिल्या खुंटीला टोपी अडकवून मोकळं होतं.

त्यांना स्वतःची भीती वाटली, पण तिची जास्त वाटली. मूलबाळ नव्हतं. दोघंच. क्लास बंद करावा लागेल, पाटी उतरवावी लागेल, आणि एक दिवस ती आपल्याला हात धरून फिरायला नेईल आणि आपण तिला विचारू, आपण कोण. तिला, जिने अख्ख्या शहराचे नंबर पाठ ठेवले होते. तरुणपणी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर भोकांची भिंत, हातात दोऱ्या, आणि डोक्यात दवाखाने, गोदामं, अग्निशमन, न्यायाधीशांचं घर, न्यायाधीशांचं दुसरं घर. पुस्तकात नंबर शोधण्यापेक्षा लोक तिला विचारत. सोनाराने दागिना बघावा तशी ती नंबर बघायची. हा आळशी आहे, सगळी शून्यं. हा भांडकुदळ, एकही आकडा शेजाऱ्याशी जुळत नाही. हा देखणा, पण लक्षात राहणार नाही. सरांनी तिला आधी ऐकलं आणि मग पाहिलं. वडील आजारी होते, गावाला रोज संध्याकाळी ट्रंक कॉल लावायचा, आणि एके दिवशी लाइन पडली. लाइन सोडू नका, ती म्हणाली, मी बघते. सरांनी सोडली नाही. ते सांगतात, की पोस्टाच्या त्या खोक्यात रिसीव्हर कानाला लावून ते इतका वेळ उभे राहिले, की बाहेरच्या रांगेतल्या एका मुलाला मिशा फुटल्या. लाइन लागली नाही, लग्न लागलं.

वाक्यं तपासून झाली. नर्सबाईने सगळ्या जागा बरोबर भरल्या होत्या. जाताना ती टेबलापाशी रेंगाळली आणि हळूच म्हणाली, “सर, मला उगीच बोलायची सवय आहे.” सर म्हणाले, तुमचा मे फार चांगला आहे, परीक्षेत टिकेल. सगळे गेले. सरांनी फळ्यावरची शिडी पुसली, वरून खाली, मग खडूचे हात स्वेटरला पुसले आणि मग आठवण होऊन झटकले. थंडी वाढली होती. स्वेटर पुन्हा घालावा लागला. घालताना ती पट्टी मानेला लागली आणि लागतच राहिली, कुणीतरी मागून एक बोट टेकवून चालवत न्यावं तशी. जिना उतरताना त्यांनी कठडा धरला. कठडा ते रोजच धरत, पण आज त्यांना आपण कठडा धरलाय हे दिसलं.

रस्त्यावर दुकानांचे दिवे लागत होते. ते मुद्दाम सावकाश चालले, प्रत्येक वळण मनात म्हणत. पावाचं दुकान, मग डावीकडे. लाँड्री, मग सरळ. चुकलं नाही काही. पण न चुकल्याचाही आनंद होईना, कारण सारखी परीक्षा देत चालणाऱ्याला रस्ता रस्ता वाटत नाही. घरी गेल्यावर काय म्हणायचं, ह्याची ते वाक्यं जुळवत होते. तू मला सांगायला हवं होतंस. नको, ह्यात तक्रार आहे. मला कळलंय. नको, ह्यात रडणं आहे. आणि मनाच्या तळाशी, लाज वाटावी असं, थोडं बरंही वाटत होतं. बोलली नाही, पण तिने काळजी घेतली. आता सगळं तिच्यावर सोडायचं. ती बघेल. तिला सगळे नंबर पाठ आहेत.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. कुणीतरी बाई विचारत होत्या, नवीन बॅच कधी सुरू होणार, आणि अगदी काहीच येत नसलं तरी चालेल का. सर म्हणाले चालेल, अगदी काहीच न येणाऱ्यांसाठीच आहे. फोन खिशात ठेवला आणि ते लाँड्रीच्या काचेसमोर उभे राहिले. आत मोठे पांढरे पोशाख तारेवर लटकले होते, बिनडोक्याचे, ओळीने. फोन खिशात वाजला होता. त्यांच्या खिशात. कॉलरला जो नंबर आहे तो फिरवला, की वाजणार इथे, सरांच्या मांडीपाशी. लिफ्टवाला हेच म्हणाला होता आणि वर्ग हसला होता. जो हरवेल त्याच्या कॉलरला त्याचाच नंबर कुणी शिवत नाही. एवढे नंबर जोडण्यात जिचा जन्म गेला ती तर नाहीच, कान्ट, शक्यच नाही. तो नंबर, हरवलेल्याला घ्यायला जो येणार त्याचा. मग स्वेटर घालून हरवणारं माणूस दुसरं. शी मस्ट बी शॉर्ट. द ओनर मे बी अ वुमन. त्यांनी स्वतःच्या तोंडाने शाब्बास म्हटलं होतं, खडू हातात घेऊन, आणि पुढच्या वाक्याकडे वळले होते.

स्वेटर ते घालतच नव्हते. किती दिवसांत घातला नव्हता. तीच घालायची, भाजीला जाताना, बाह्या दोनदा दुमडून, आणि आल्यावर दारामागे टांगायची. त्यात डोक्याच्या तेलाचा वास होता, तो निघताना घातला तेव्हा आला होता आणि घराचा वास म्हणून सोडून दिला होता. काचेपुढे उभ्या उभ्या सगळे पुरावे एकेक करून तोंड फिरवू लागले, वर्गातल्या मुलांनी एकदम मागे वळून बघावं तसे. तांदूळ ती काढते. फ्रिज ती उघडते. दूध ती तापवते. दार उघडं राहिलं त्या दुपारी ते तिकडे, क्लासमध्ये होते. त्यांनी ते उघडं टाकलं असणंच शक्य नव्हतं, आणि तरी त्यांनी मान डोलावली होती. ती एकदा बहिणीकडे निघाली आणि अंधार पडता पडता परत आली, चपला धुळीने माखलेल्या, हातात पिशवी रिकामी. बस बंद पडली म्हणाली. असेल, असं म्हणून त्यांनी वर्तमानपत्र उलटलं होतं. नंतर गुडघे दुखतात म्हणून तिने बहिणीकडे जाणंच सोडलं. असेल. वर्गात एका केसावर कुणाला मस्टपर्यंत जाऊ न देणारा माणूस घरी नुसता असेल, असेल करत बसला होता, कारण असेल म्हटलं की पुढे काही करावं लागत नाही. आणि ती तुम्हीच, तुम्हीच म्हणत होती, ते लबाडीने म्हणत असेल, भीतीने म्हणत असेल, किंवा तिला खरोखर तसंच वाटत असेल. ह्या तिन्हींतलं कुठलं, ते त्यांना ठरवता येईना. पण एक नक्की होतं. तिला कळलं होतं. कधीतरी, भाजी घ्यायला निघून, कुठल्यातरी अनोळखी वळणावर उभं राहून तिने आपल्या नवऱ्याचा नंबर आठवून पाहिला होता, आणि तो आला नव्हता. आणि घरी येऊन, एकटीने, सुई-दोरा घेतला होता. लाँड्रीवाल्याने आतून हात केला, काय हवंय म्हणून. सर म्हणाले, काही नाही, बघत होतो.

दार तिने उघडलं. दारातच तिची नजर स्वेटरवर गेली आणि तिथेच राहिली. मग तिने हात पुढे करून त्यांची कॉलर नीट केली, म्हणजे कॉलर नीट केल्यासारखं केलं आणि बोटाने आतली पट्टी चाचपली. पट्टी जागेवर होती.

“हा का घातलात?”

“माझा ओला होता.”

“धोब्याकडे हरवू नये म्हणून शिवलंय ते,” ती म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

सरांच्या जिभेवर शब्द तयार होता. असेल. वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेला, आपोआप घरंगळणारा शब्द. हा स्वेटर आजवर धोब्याकडे गेलेला नव्हता. ती त्यांच्याकडे बघत होती, तोंड जरासं उघडं, परीक्षेत उत्तर सांगून बसलेल्या माणसासारखी, बरोबर आलंय की चुकलंय ते चेहऱ्यावरून वाचत. तिला त्या शब्दाची किती गरज आहे हे त्यांना दिसलं. तो दिला असता तर दोघांनी निमूट जेवून घेतलं असतं, आणि उद्या ती पुन्हा भाजीला गेली असती. त्यांना फार दमल्यासारखं झालं. ते स्टुलावर बसले, बूट न काढता, अंगातला शर्ट पुढे ओढून म्हणाले, “माझ्या शर्टालाही शिवून दे एक. तुझा नंबर घाल.”

स्वयंपाकघरात काहीतरी शिजत होतं, झाकण थडथडत होतं. मग ती म्हणाली, “तुम्ही कुठे निघालात हरवायला?”

“कुठे म्हणून सांगू. मागच्या महिन्यात पेट्रोल पंपापर्यंत गेलो होतो.”

“चालत?”

“चालत. आणि तुझी बस बंद पडली होती, तो दिवस. तेव्हा कुठपर्यंत गेली होतीस?”

तिने झाकणाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. “तिथे एक शाळा होती,” ती म्हणाली. “पिवळी. एका बाईंनी घराजवळच्या चौकात आणून सोडलं. मी त्यांना तुमचा नंबर सांगत होते, पण सारखा अग्निशमनचाच येत होता.” आणि तिला हसू आलं, बारीक, खालमानेने, आणि सरांनाही आलं, आणि ते आलेलं हसू कुठे ठेवावं हे दोघांनाही कळेना. मग ती आत गेली, गॅस बंद केला, परत आली, पुन्हा आत जाऊन बंद केलाय ना ते बघून आली, आणि बिस्किटांचा जुना डबा घेऊन दिव्याखाली बसली. डब्यात दोरे होते, बटणं होती आणि सकाळचा टॉर्च होता. टॉर्च तिने बाजूला ठेवला. दोघांनीही त्याचं नाव काढलं नाही.

सुईत दोरा सरांनी ओवला. तिने जुन्या पंच्याची पट्टी फाडली, कडा दुमडल्या आणि म्हणाली, सांगा. सरांनी तोंड उघडलं. तिचा नंबर त्यांना पाठ नव्हता. फोनमध्ये तो ‘घर’ म्हणून होता, बोट लावलं की लागायचा, आकडे म्हणून त्यांनी त्याच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. “तुला माहीत असेल की,” ते म्हणाले. ती म्हणाली, “स्वतःचा नंबर स्वतःला कोण लावतं?” हे त्यांना पटलं. ते खिशात फोन शोधू लागले, मग चष्मा शोधू लागले, आणि शोधता शोधता मागून, सुई दातांत धरलेल्या तोंडाने, तो जुना, सपाट, कुणाच्याच ओळखीचा नसलेला आवाज आला, “लाइन सोडू नका.” चष्मा कपाळावर होता.

ते एकेक आकडा वाचत गेले, ती प्रत्येक आकडा पुन्हा म्हणत गेली, जुन्या पद्धतीने, शेवटी किंचित सूर चढवून, आणि लाल दोरा कापडातून आत-बाहेर होत राहिला. वेळ लागला. मधे एकदा ती थांबली आणि जुन्या दवाखान्याचा नंबर सांगू का म्हणाली, आणि सांगितला, आणि गोदामाचा सांगितला, आणि न्यायाधीशांच्या दुसऱ्या घराचा सांगताना आवाज खाली आणला. सर ऐकत राहिले. शेवटचा आकडा झाल्यावर तिने गाठ मारली, दोरा दातांनी तोडला, पट्टी उजेडात धरून सगळा नंबर एकदा डावीकडून उजवीकडे पाहिला.

“कुणाचा हो हा?”

“तुझा.”

तिने पुन्हा पाहिला, जरा लांब धरून, सोनारासारखी मान तिरकी करून.

“बरा आहे,” ती म्हणाली. “लक्षात राहण्यासारखा आहे.”

सर उठले. त्यांनी अंगातला स्वेटर डोक्यावरून काढला, खडूचा हात लागला होता तो भाग झटकला. मग निघताना ओढून सरळ केलेल्या बाह्या त्यांनी जुन्या घड्यांवरून दुमडल्या, एकदा आणि पुन्हा एकदा, तिच्या मनगटाच्या मापाने, आणि स्वेटर दारामागच्या खुंटीवर, तिचा हात पोचेल असा, टांगून ठेवला.